भरतीचा सराव आणि पायांतला बूट

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी कुणकुण लागली, की दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण वाढू लागतात. वय अठरा ते अठ्ठावीस, अंगकाठी सडसडीत, चेहरा उन्हाने रापलेला आणि बोलणे एकच : “डॉक्टर, नडगी दुखतेय. गोळी द्या, इंजेक्शन द्या, पण पळणे बंद कर म्हणू नका.”

मागच्या हंगामात असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला. उजवा पाय टेकवताना त्याचे तोंड वेडेवाकडे होत होते. वडिलांच्या हातात पिशवी आणि पिशवीत बूट. त्यांनी एक बूट काढून माझ्या टेबलावरच ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सोयाबीनचे पैसे आले तसे आधी पोराला बूट घेऊन दिले. जगातला एक नंबरचा पळणारा घालतो तसलेच आहेत म्हणाला दुकानदार. तरी पाय दुखतो कसा?”

बूट दिसायला झकास होता. भडक रंग, जाडजूड तळ, बाजूला नामांकित कंपनीचे चिन्ह. मी अंगठ्याने तळ दाबून पाहिला, तर तो लाकडासारखा टणक. बाजारात ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात तो हा माल. हे बूट घालून तो मुलगा दोन महिने रोज पहाटे बायपासच्या डांबरी रस्त्यावर जीव खाऊन पळत होता.

नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट दाबताच तो कळवळला. एक्स-रेमध्ये काही दिसेना; पण दुखणे एकाच जागी आणि रात्रीही ठणकणारे, म्हणून जिल्ह्याच्या गावी पाठवून एमआरआय करवला. हाडाला ताणाने पडलेली बारीक चीर त्यात दिसली. याला आम्ही ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतो. मैदानी चाचणीला पाच आठवडे राहिले होते आणि हाड सांधायला निदान आठ आठवडे हवे होते. वयाच्या अटीत बसणारी त्याची ती शेवटची भरती होती. बाप माझ्याकडे पाहत होता आणि पोरगा जमिनीकडे.

सगळा दोष बुटाचाच होता, असे मी म्हणणार नाही. रोज तोच डांबरी रस्ता आणि रोज तोच वेग, हेही कारण होतेच. पण गेल्या काही वर्षांत असे पाय पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे वेगाच्या सरावासाठी बूट निवडताना रंग, चिन्ह, किंमत आणि मित्राचा सल्ला या चार गोष्टी पाहिल्या जातात. ज्याने पळायचे तो पाय मात्र कोणी पाहत नाही. आजचा लेख त्यासाठीच.

पायावर पडते तरी काय?

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. अग्निवीर भरतीतही मुलांना १६०० मीटरची दौड असते. साधा हिशेब करू. चांगला पळणारा मुलगा १६०० मीटरमध्ये साधारण हजार पावले टाकतो, म्हणजे एकेका पायाची पाचशे. धावताना दर पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. मुलगा ६० किलोचा धरला, तर एका पावलाला सुमारे दीड क्विंटल. दीड क्विंटलचा हा भार पाच-सहा मिनिटांत पाचशे वेळा एकाच पायावर येतो. आणि सरावात ही दौड रोज एकदाच होत नाही; तीन-तीन, चार-चार वेळा होते.

आपले हाड हे सोसते, कारण ते जिवंत असते. भार पडला की हाडात अतिसूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीत शरीर ती भरून काढते. उलट आधीपेक्षा थोडे मजबूतच बांधते. मात्र झीज रोज आणि भरपाईला वेळ नाही असे झाले, की आधी नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखू लागते आणि तरीही पळत राहिले, तर हाडाला चीर पडते. बुटाचे काम या भाराला थोडे पसरवणे आणि पाऊल सरळ ठेवणे एवढेच आहे. तो भार नाहीसा करीत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवली, तर पुढचे सगळे सोपे जाते.

सावकाश पळणे आणि वेगाने पळणे यांतही फरक आहे. सावकाश पळताना बहुतेकांची टाच आधी टेकते. वेग वाढला की अनेकांचे पाऊल मधल्या भागावर किंवा चवड्यावर उतरते आणि पोटरी व टाचेमागची शीर यांच्यावर ताण वाढतो. म्हणून वेगाच्या सरावाचा बूट हलका हवा, टाचेला घट्ट धरणारा हवा, चवड्याखालीही गादी असलेला हवा आणि बोटांच्या मुळाशी सहज वाकणारा हवा. टाचेखाली भरपूर मऊ आणि चवड्याखाली पातळ पुठ्ठा, असा बूट बाजारहाटाला ठीक. त्यावर वेगाने पळू नये.

हलकेपणाचे महत्त्वही मोजून पाहिलेले आहे. प्रत्येक बुटाचे वजन शंभर ग्रॅमने वाढले, तर त्याच वेगाने पळायला सुमारे एक टक्का जास्त शक्ती लागते. आकडा लहान वाटेल, पण पाच मिनिटांच्या दौडीत एक-दोन सेकंदांवर गुण ठरतात. मात्र हलकेपणाच्या नादात गादीच नसलेला कॅनव्हासचा बूट घालून डांबरावर पळणे हे दुसरे टोक झाले.

महागडा बूट घ्यावा काय?

हा प्रश्न हल्ली मुले हमखास विचारतात. २०१७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने नव्या तऱ्हेचा बूट बाजारात आणला. त्याच्या तळात अतिशय हलका आणि उसळी घेणारा फोम होता आणि त्या फोमच्या पोटात कार्बनची वाकडी, ताठ पट्टी. प्रयोगशाळेत चांगल्या धावपटूंवर चाचणी घेतली, तेव्हा त्याच वेगाला सरासरी चार टक्के कमी शक्ती लागली असे दिसले. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी केनियाच्या एलिऊड किपचोगे याने व्हिएन्ना येथे मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले, तेही अशाच धर्तीचे बूट घालून. ती खास आखलेली दौड असल्यामुळे अधिकृत विक्रमात धरली गेली नाही, पण बुटांचा गवगवा जगभर झाला. शेवटी २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला, की रस्त्यावरच्या शर्यतीत तळाची जाडी ४० मिलिमीटरहून अधिक नको आणि ताठ पट्टी एकच असावी.

म्हणजे हे बूट खोटे नाहीत. पण ते शर्यतीच्या दिवसाचे बूट आहेत. त्यांची किंमत दहा हजारांच्या पुढे, बरेचदा वीस हजारांच्या आसपास जाते, आणि त्यांचा फोम साध्या फोमपेक्षा लवकर बसतो. तळ उंच आणि मऊ असल्यामुळे वळणावर किंवा खडबडीत जागी घोटा कलंडण्याची भीती असते. ताठ पट्टीमुळे पायातल्या हाडांवर येणारा ताणही बदलतो. अशा बुटांत पळणाऱ्या काही खेळाडूंच्या पायाच्या मधल्या भागातील एका लहान हाडाला ताणाची इजा झाल्याचे २०२३ मध्ये डॉक्टरांनी नोंदवले आहे. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण रोजच्या सरावाला हे बूट नकोत, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि ‘फर्स्ट कॉपी’ तर मुळीच नको. तिच्यात महागड्या बुटाची जाडी येते. फोम येत नाही. उंची तेवढी मिळते आणि खाली टणक खूर. माझ्या टेबलावर आला होता तो बूट याच जातीचा.

मग घ्यावा कोणता? प्रामाणिक कंपनीचा, पळण्यासाठीच बनवलेला, मधल्या किमतीचा साधा बूट. आजच्या भावाने अडीच ते चार-पाच हजारांत असे बूट मिळतात. जुन्या मॉडेलचे, रंग न खपलेले बूट सवलतीत आणखी स्वस्त मिळतात आणि ते तितकेच चांगले असतात. पळणाऱ्याचा पाय रंग ओळखत नाही.

“आमचे वाडवडील अनवाणीच पळत होते”

हा मुद्दा गावाकडच्या प्रत्येक चर्चेत निघतो आणि त्यात तथ्यही आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकली. आपल्याकडे बारामतीच्या स्पर्धेत लता करे या नऊवारी नेसून, पायांत धड बूट नसताना धावल्या आणि पतीच्या उपचारासाठी बक्षीस जिंकून गेल्या.

पण बिकिलाची पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याला दिलेले नवे बूट पायाला बसत नव्हते, म्हणून तो रोममध्ये अनवाणी पळाला, असे सांगितले जाते. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये टोकियोला, त्याने बूट घालून मॅरेथॉन पुन्हा जिंकली आणि वेळही आधीपेक्षा कमी घेतला. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी पाय बरा आणि अनवाणी पायापेक्षा नीट बसणारा बूट बरा, असा अर्थ मी यातून काढतो. शिवाय लहानपणापासून अनवाणी पळून ज्याचे पाय तयार झाले त्याची गोष्ट वेगळी. बारावीपर्यंत चपला घालून फिरलेल्या मुलाने एका महिन्यात अनवाणी वेगाने पळायचे ठरवले, तर त्याची पोटरी आणि पायाची हाडे ते ऐकणार नाहीत. रस्त्यावरच्या काचा आणि खिळे निराळेच.

दुकानात गेल्यावर काय पाहावे?

बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून, चालून पाय थोडा फुगतो. पळतानाही तो फुगतोच. सकाळी नेमका बसलेला बूट पळताना आवळतो. ज्या मोज्यांवर सराव करायचा तेच मोजे घालून जावे.

दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे. अनेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो; माप मोठ्या पायाचे घ्यावे. सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांत हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. ती नसली तर वेगाने थांबताना बोटे पुढे आपटतात, नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते. बोटे आत पसरता आली पाहिजेत. आपल्याकडे अनवाणी किंवा चपलांवर वाढलेल्या मुलांचे चवडे अनेकदा रुंद असतात, त्यांनी अरुंद तोंडाचा बूट ‘वापरून सैल होईल’ या आशेवर घेऊ नये. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. चालताना टाच वर-खाली सरकत असेल, तर तो बूट दुकानातच ठेवावा.

मग बूट हातात घ्यावा. टोक आणि टाच धरून वाकवावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे; मधोमध घडी पडत असेल तर नको. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबावा, तो थोडा ताठ लागला पाहिजे. तळ दाबून पाहावा. बोट आत रुतून परत वर येईल इतपत मऊपणा हवा. पिठासारखा बसणारा किंवा विटेसारखा टणक, दोन्ही नकोत. वजनाचा अंदाज येत नसेल, तर शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. आठ नंबरचा एक बूट सव्वादोनशे ते पावणेतीनशे ग्रॅमच्या दरम्यान असला, तर वेगाच्या सरावाला चांगला.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा म्हणजे पळून पाहणे. दुकानाबाहेर, गल्लीत, वीस-तीस पावले सरावाच्या वेगाने पळा. बूट चालताना कसा लागतो याला फारसा अर्थ नाही. पळताना काही टोचते, घासते, आवळते किंवा पाऊल कलते असे वाटले, तर दुसरा बूट मागा. दुकानदार कुरकुर करतील. त्यांना माझी विनंती आहे, की पोरांना पळू द्या. तळाला माती लागू नये म्हणून दारापुढे एखादे पोते अंथरा, पण पळू द्या. चपलेच्या मापाने पळण्याचा बूट विकणे म्हणजे डोळे न तपासता चष्मा विकण्यासारखे आहे.

ऑनलाइन मागवायचाच असेल, तर परत करता येईल असाच मागवा आणि घरात फरशीवर पळून पाहिल्याशिवाय बाहेर मातीत नेऊ नका.

सपाट पायांचा बाऊ

“माझे पाय सपाट आहेत, मला कोणता बूट लागेल?” असेही विचारतात. पूर्वी पावलाच्या कमानीवरून बूट ठरवावा, असे सर्रास सांगत. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये नव्या जवानांवर हे ताडून पाहिले गेले. काहींना पावलाच्या आकारानुसार बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. २००९ आणि २०१० मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून पावलाची कमान पाहून महागडा ‘स्पेशल’ बूट कोणी गळ्यात मारत असेल, तर सावध राहावे. पळताना ज्या बुटात पायाला सर्वांत आराम वाटतो तो आपला बूट, हीच कसोटी आज बऱ्याच जाणकारांना पटते. पोलीस भरतीच्या शारीरिक पात्रतेत सपाट पाय चालतात की नाही हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी जाहिरातीतली अट नीट वाचावी.

बहिणीच्या पायात भावाचा बूट

एक गोष्ट मला फार खटकते. भरतीची तयारी करणाऱ्या मुली आता गावोगाव दिसतात, ही आनंदाची बाब आहे. पण अनेक मुली भावाचे जुने बूट घालून पळतात. टाचेशी कापडाचा बोळा कोंबलेला असतो आणि नाड्या घोट्याभोवती दोनदा गुंडाळलेल्या. मुलींची टाच साधारणपणे चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे मुलांच्या बुटात ती सरकते. त्यातून फोड, घोटा मुरगळणे आणि पोटरीची दुखणी सुरू होतात. ८०० मीटरला पाय तितकेच जोरात आपटतात. घरात भरतीला उतरणारे दोघे असतील, तर दोघांना आपापल्या मापाचे बूट मिळाले पाहिजेत. मुलीचे राहू दे, पुढच्या महिन्यात पाहू, हे चालणार नाही.

येथेच आयांना एक सांगतो. खूप पळणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर ‘व्यायामाने होते’ म्हणून सोडून देऊ नका. खाणे कमी पडत असल्याची ती खूण असते आणि अशा मुलींची हाडे लवकर चिरतात. कितीही चांगला बूट त्यावर उपाय नाही. तिला डॉक्टरकडे न्या.

घेतल्यावर जपावा कसा?

नवा बूट पहिल्याच दिवशी वेगाच्या दौडीला वापरू नये. आठ-दहा दिवस सावकाश पळण्यात घालवावेत. मैदानी चाचणीला तर कोरा बूट अजिबात नको. निदान तीन आठवडे वापरलेला, पण झिजलेला नाही, असा बूट त्या दिवशी पायात असावा.

पळण्याचा बूट फक्त पळण्यासाठी. तोच घालून कॉलेज, तोच घालून शेतात, तोच घालून मोटारसायकलला किक, असे केले तर फोम लवकर बसतो. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर पळून झाले, की बुटाची गादी थकते. वरून बूट नवा दिसतो, आतून मेलेला असतो. घरातल्या कॅलेंडरवर रोजचे किलोमीटर लिहून ठेवा. दूध आणि गॅसच्या नोंदी आपण ठेवतोच की!

बूट भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा. चुलीजवळ, कडक उन्हात किंवा पत्र्यावर ठेवल्यास फोम आणि चिकटवण दोन्ही खराब होतात. ऐपत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमधील एका पाहणीत असे करणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचे आढळले आहे. दोन नवे जोड घेणे सर्वांना परवडणारे नाही. तेव्हा जुना पण शाबूत जोड सावकाश पळण्याला आणि नवा जोड वेगाच्या दिवसाला, अशी वाटणी करावी.

बूट जे करू शकत नाही

चांगला बूट घेतला म्हणजे वाटेल तसे पळावे, असे नाही. वेगाची दौड आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. मधल्या दिवशी सावकाश पळणे किंवा विश्रांती. एकूण पळणे हळूहळू वाढवावे. भरतीची तारीख लागल्यावर एकदम दुप्पट केले, की हाड तक्रार करणारच. शक्य तेव्हा शाळेच्या मातीच्या मैदानावर पळावे. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच बाजूने पळाल्यास एका पायावर जास्त ताण येतो. पहाटे अंधारात रस्त्यावर पळणाऱ्यांनी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूला राहावे आणि अंगावर फिकट किंवा चमकणारा कपडा घालावा.

दुखू लागले तर ओळखावे कसे? नडगीच्या आतल्या कडेला हातभर पट्ट्यात दुखत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर वेग आणि अंतर दहा-पंधरा दिवस कमी करून पाहावे. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल, लंगडायला होत असेल किंवा चालतानाही दुखत असेल, तर पळणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये चीर दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. एक्स-रे चांगला आला म्हणून पुन्हा पळायला लागलेली मुले मी पाहिली आहेत; त्यांचे सहा आठवड्यांचे दुखणे सहा महिन्यांवर गेले.

आणि कृपा करून दुखणे मारायचे इंजेक्शन घेऊन पळू नका. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून चोर पकडता येत नाही. शिवाय उन्हात, घाम गेलेल्या अंगावर या गोळ्या-इंजेक्शनांचा मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो.

थोडे अकॅडमीवाल्यांना

तालुक्याच्या गावीसुद्धा आता भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकॅडम्या निघाल्या आहेत. त्यांतले कितीतरी प्रशिक्षक स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले, कष्टाळू आणि पोरांवर माया करणारे आहेत. त्यांना वडीलकीच्या नात्याने तीन गोष्टी सुचवतो. घाऊक भावात सर्वांना एकाच साच्याचे बूट देऊ नका. माप आणि आराम पोराला ठरवू द्या. आठवड्यातून एकदा सर्वांचे बूट उलटे करून तळ पाहा. आणि नडगी दुखतेय म्हणणाऱ्याला आळशी ठरवू नका. जो मुलगा पहाटे साडेचारला उठून मैदानावर येतो, तो आळशी कसा असेल?

पालकांनाही एक सांगणे आहे. अकॅडमीची फी, पुस्तके, फॉर्म, प्रवास, सगळ्याला पैसे निघतात आणि बूट शेवटी उरलेल्या पैशांत येतो. हा क्रम बदला. मात्र कर्ज काढून वीस हजारांचाही आणू नका. मधल्या किमतीचा, मापाचा आणि वेळेवर बदललेला बूट एवढे पुरे आहे.

त्या मुलाचे हाड सांधले. तो आता नीट चालतो, शेतात राबतो, धाकट्या भावाला पहाटे मैदानावर सोडायलाही जातो. भरती मात्र गेली ती गेली. त्याच्या वडिलांनी मला नंतर विचारले, “तेव्हाच कोणी सांगितले असते तर?” त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, तुमच्या घरात पळणारे कोणी असेल, तर आज एवढेच करा. त्याचे बूट टेबलावर ठेवा आणि मागून, डोळ्यांच्या रेषेत पाहा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, तळावरची नक्षी चवड्याखाली पुसली गेली असली, किंवा फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या दाट पडल्या असल्या, तर तो बूट शेतात वापरायला द्या आणि पोराला घेऊन संध्याकाळी दुकानात जा. मोजे विसरू नका.